उपाशी की मेलेलं?

आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. लिफ्टमध्ये तळघराचं बटण दाबलं की शेजारी उभी असलेली माणसं किंचित सरकतात. खाली किरणोत्साराचं काम चालतं हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. मला त्या सरकण्याचं वाईट वाटत नाही. लिफ्टमध्ये कुणाशी बोलावं लागत नाही, हा माझ्या नोकरीचा एक फायदाच आहे.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. रुग्णाच्या शिरेत थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं, ते शरीरात कुठे जाऊन बसतं ते यंत्राने टिपायचं आणि ती चित्रं डॉक्टरांपुढे ठेवायची, हे माझं काम. टोचल्यावर काही तास लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. एका आजींनी हे ऐकून मला विचारलं होतं, "सुनेपासूनही लांब राहायचं ना? मग तसं लिहून द्या, आणि जरा जास्त दिवसांचं द्या." दुसऱ्या एका गृहस्थांना रात्री अंगातून उजेड पडेल का, ही शंका होती. नाही म्हटल्यावर ते खट्टू झाले. विजेचं बिल वाचेल असा त्यांचा हिशेब होता.

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादक बाई म्हणाल्या तेव्हा मी नाही म्हणणार होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढचं सगळं शिक्षणही इंग्रजीत. मराठी मी घरी बोलते, लिहीत नाही. पण माझ्या कामातली एक गोष्ट मला इंग्रजी पुस्तकांतून नुसती पाठ झाली होती आणि समजली मात्र मराठीत, म्हणून हे लिहिते आहे.

ती गोष्ट अशी. हृदयविकाराचा झटका येऊन गेला की हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग हलेनासा होतो. तो मेलेला असू शकतो. किंवा रक्त अगदी थोडं मिळत असल्यामुळे त्याने काम थांबवून नुसता जीव धरून ठेवलेला असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जिवंत असेल तर बायपास करून रक्त वाढवल्यावर तो पुन्हा हलू लागण्याची आशा असते. मेलेला असेल तर एवढं मोठं ऑपरेशन करून रुग्णाला धोका तेवढा द्यायचा आणि हाती काही लागायचं नाही. म्हणून सर्जन छाती उघडण्याआधी विचारतात की हा भाग उपाशी आहे की मेलेला?

हे शोधायच्या तऱ्हा तीन-चार आहेत आणि प्रत्येकीचे भक्त वेगळे. एकोवाले, म्हणजे सोनोग्राफीने हृदय बघणारे, त्याला चेतवणारं औषध हळूहळू चढवतात आणि बंद पडलेला भाग थोडा तरी हलतो का ते बघतात. एमआरआयवाले मेलेल्या जागी झालेला व्रण दाखवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासारखी रेखीव चित्रं कुणाचीच नसतात. थॅलियम नावाचं औषध देऊन आमच्याकडेही एक जुनी तपासणी होते. ती संयमाची आहे, कारण थकलेला स्नायू ते औषध सावकाश उचलतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढावं लागतं. आणि चौथी म्हणजे पेट स्कॅन. त्यात आम्ही दोन चित्रं काढतो. पहिल्यात स्नायूपर्यंत रक्त किती पोचतं ते दिसतं. दुसऱ्यात किरणोत्सारी साखर टोचतो आणि तो स्नायू साखर खातो का ते बघतो. रक्त कमी पोचतंय पण साखर खातोय, म्हणजे तो जिवंत आहे. मेलेला स्नायू खात नाही.

आमची तऱ्हा सगळ्यांत चांगली, असं मी म्हणणार नाही. कँटीनमध्ये तशी भांडणं रोज होतात, त्यांत मी ऐकायला असते. पण साळवे काकांच्या बाबतीत बाकीच्या तऱ्हा एकेक करून बाद झाल्या होत्या.

साळवे काका खडकीचे, सगळं आयुष्य लेथ मशीनवर गेलेले. तरुणपणी एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करताना धातूचा बारीक कण उडून त्यांच्या डोळ्यात खोल शिरला होता. डॉक्टरांनी तो तिथेच राहू दिला. एमआरआयच्या प्रचंड चुंबकाजवळ असा कण हलला तर डोळा जाईल, म्हणून एमआरआय नाही. एकोमध्ये औषध चढवायला लागताच ठोके वेडेवाकडे पडू लागले, म्हणून ती तपासणी अर्धवट थांबवलेली. हृदयाची पुढची भिंत जवळजवळ हलत नव्हती. पंपाची ताकद इतकी कमी होती की सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, "भिंत जिवंत आहे असं कुणी दाखवलं तर करतो. नाहीतर टेबलावरून परत आणायची खात्री मी देत नाही." त्यामुळे काका आमच्या तळघरात आले ते शेवटचं दार म्हणून.

बरोबर काकू होत्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, हातात कापडी पिशवी. काकांना मधुमेह होऊन वीसेक वर्षं झाली होती आणि घरातल्या साखरेवर काकूंचा पहारा होता. काका मला पहिल्या पाच मिनिटांत हे सांगून मोकळे झाले.

"बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात," ते म्हणाले, "तिथं सगळ्या वस्तीसमोर हिनं माझी वाटी परत केली. म्हणाली, ह्यांना नको, ह्यांना फक्त त्रिशरण द्या."

"मग? पाय कापायची वेळ आली असती तर खीरवाले आले असते?" काकू म्हणाल्या.

रक्ताचं पहिलं चित्र आदल्या दिवशीच झालं होतं. पुढच्या भिंतीत रक्त फारच कमी पोचत होतं. आता साखरेचं चित्र उरलं होतं. त्याची तयारी जरा उलटी असते. उपाशीपोटी हृदय चरबीवर चालतं, साखरेकडे बघतही नाही. म्हणून टोचण्याआधी आम्ही रुग्णाला ग्लुकोजचं गोड पाणी प्यायला देतो. शरीरात इन्सुलिन वाढतं आणि हृदय साखरेकडे वळतं. मधुमेह्यांमध्ये ते सहज वळत नाही, म्हणून रक्त तपासून वरून थोडं इन्सुलिनही द्यावं लागतं.

बाहेरच्या हॉलमध्ये मी पेला काकूंच्या हातात दिला. "हे सगळं संपवायला सांगा. गोड लागेल, पण प्यायलाच हवं," असं सांगून आत गेले, कारण आत दुसरा रुग्ण यंत्रावर होता. परत आले तेव्हा पेला रिकामा होता. काकू म्हणाल्या, "झालं."

नंतर रक्त तपासलं तर साखर फारशी चढलेली नव्हती. मला ते खटकलं. मी आमच्या विभागप्रमुखांना आकडा दाखवला. सर हुशार आहेत आणि तिरकस बोलतात.

"मधुमेह्याची साखर पुण्यातल्या रिक्षावाल्यासारखी असते," ते म्हणाले. "आपण बोलावू तिथे येईलच असं नाही. थोडं इन्सुलिन दे आणि टोच."

तसं केलं. वेळ झाल्यावर काकांना यंत्रावर घेतलं. चित्र उमटू लागलं. हृदय दिसतच नव्हतं. पुढची भिंत नाही, मागची नाही, कुठलीच नाही. औषध सगळं रक्तातच फिरत राहिलेलं, मधे नुसतं धुकं.

सर येऊन माझ्यामागे उभे राहिले. "घेतलंच नाही हृदयाने," ते म्हणाले. "होतं असं ह्यांच्यात. निष्कर्ष काढता येत नाही असं लिहू."

हे खोटं नव्हतं. पण ह्या वाक्याचा सर्जनकडे गेल्यावर काय अर्थ होईल हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भिंत जिवंत असल्याचं कुणी दाखवलं नाही, एवढाच.

मी पडद्याकडे बघत राहिले. काकांची मागची भिंत एकोमध्ये बऱ्यापैकी हलत होती. जी भिंत हलते ती मेलेली असूच शकत नाही. तरी तिनेही साखर खाल्ली नव्हती. म्हणजे हृदयाबद्दल आम्हाला काहीच कळलं नव्हतं. आमची तपासणी सुरूच झाली नव्हती.

मी आत जाऊन काकांच्या हातातली सुई काढायला घेतली. गप्प राहून काम करणं मला जमतं, पण सुई काढताना रुग्णाशी काहीतरी बोलावं, म्हणजे त्याचं लक्ष तिकडे राहत नाही. ग्लुकोजचं पाणी फार गोडमिट्ट असतं म्हणून आम्ही त्यात लिंबू पिळतो, आणि लिंबाबद्दल प्रत्येकाची तक्रार असते. मी सवयीने विचारलं, "लिंबू जास्त झालं होतं का हो, काका?"

"कसलं लिंबू?" काका म्हणाले.

मी कापूस दाबून धरला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, एक काम करा. तिला काही बोलू नका."

"तुम्ही प्यायलाच नाहीत?"

"तिनं माझ्या भल्यासाठीच केलं. आजवर तेच करत आलीये. तुम्ही काय लिहायचं ते लिहा. पण तिच्यामुळे झालं हे तिला कळलं, आणि उद्या माझं काही कमीजास्त झालं, तर ती जगेल का?"

सरांना सांगायला हवं होतं, हे उघड होतं. पण सर ते हॉलमध्ये येऊन सगळ्यांसमोर बोलले असते. मग मीच बाहेर गेले. मी असं सहसा करत नाही.

इथे आमच्या हॉलबद्दल सांगायला हवं. पेट स्कॅनला येणारे बहुतेक सगळे कॅन्सरचे रुग्ण असतात. त्यांची तयारी काकांच्या बरोबर उलट. त्यांनी कडक उपाशी यायचं, साखरेचा कणही पोटात जाता कामा नये, नाहीतर आम्ही त्यांना परत पाठवतो. यंत्र तेच, टोचायचं औषधही तेच, हॉलही एकच. हृदयाचा रुग्ण आमच्याकडे क्वचित येतो. त्या दिवशी तिथे काका सोडून सगळ्या रुग्णांना उपाशी राहायला सांगितलेलं होतं.

मी काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि हळूच विचारलं, "काकू, तो पेला कुणी प्यायला?"

"ह्यांनीच. दुसरं कोण पिणार?"

मी काही बोलले नाही. माझं गप्प बसणं लोकांना अवघड वाटतं असं घरी सगळे म्हणतात. तेव्हा ते उपयोगी पडलं.

काकूंच्या पलीकडे एक तरुण बाई सासूला घेऊन आली होती, लोणी काळभोरची. तीच बोलली. "ताई, त्यांना नका बोलू. म्याच सांगितलं त्यांना. मागच्या खेपेला आमच्या आत्याबाईंनी वाईच चहा घेतला, तर तुम्ही लोकांनी परत लावलं आम्हाला. म्हनलं हितं साखर चालत न्हाय, तुमच्या मालकांना बी माघारी धाडतील."

"पण पेला तर मीच दिला होता," मी म्हणाले.

"आम्हाला वाटलं चुकून दिला," काकू म्हणाल्या. "तुम्ही घाईत होता. इथे सगळे सांगतायत साखर नको, घरी मी सांगते साखर नको, वरचे डॉक्टर सांगतात साखर नको. आणि तुम्ही एकट्या म्हणता प्या. मी कुणाचं ऐकू?"

त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

"मग ओतून दिलं?"

"ओतायचं कसं? खायची वस्तू आहे. मीच प्यायले." मग जरा थांबून म्हणाल्या, "लिंबू फार होतं."

ती लोणीची बाई हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. काकू हसल्या नाहीत. त्यांना माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. "तपासणी बिघडली का?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे ह्यांचं ऑपरेशन राहिलं का?"

आमच्या कामात एक नियम आहे. निकाल टेक्नॉलॉजिस्टने सांगायचा नाही. तोंडाने नाही, चेहऱ्यानेही नाही. तो नियम मला आवडतो, कारण चेहरा बंद ठेवणं मला लहानपणापासून येतं. पण हा प्रश्न निकालाचा नव्हता.

"राहिलं नाही अजून," मी म्हणाले. "आजची तपासणी झालीच नाही असं समजा. पुन्हा करून घेऊ. तुम्ही इथेच बसा."

'करून घेऊ' असं मी कुणाच्या जोरावर म्हणाले ते मलाही माहीत नव्हतं. मी सरांच्या खोलीत गेले. ते काकांचा अहवाल रेकॉर्डरवर सांगत होते. मी म्हणाले, "सर, तो अहवाल थांबवा." मग सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की हॉलमध्ये जाऊन कुणाला रागवू नका, काकांनी तशी विनंती केली आहे.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे आज आपण काकूंचं हृदय तपासायला हवं होतं," ते म्हणाले. "फार सुंदर दिसलं असतं." मग रेकॉर्डर बंद केला. "सर्जनना मी फोन करतो. ह्या दोघांना तपासणीची नवी तारीख दे. आणि आजपासून हृदयाच्या रुग्णाला हॉलमध्ये बसवायचं नाही. आतल्या खोलीत बसवायचं, पेला संपेपर्यंत समोर उभं राहायचं. तू उभं राहायचंस."

त्याप्रमाणे पुढच्या खेपेला मी उभी राहिले. आतल्या खोलीत काका, काकू आणि मी. पेला मी मुद्दाम काकूंकडेच दिला. त्यांच्या हातून गेला तरच काका मोकळ्या मनाने पितील असं मला वाटलं.

काकूंनी पेला धरला आणि तशाच बसून राहिल्या.

"दे की," काका म्हणाले.

"देते. घाई काय आहे?"

"वीस वर्षांनी तुझ्या हातून साखर मिळतीये. पाहुणे बोलवायला पाहिजे होते."

"नाटकं करू नका. नाक दाबून प्या."

काका नाक न दाबता प्याले, आणि अगदी सावकाश. तळाशी राहिलेलं बोटाने पुसून चाटलं. काकूंनी मान फिरवली. ते बघणं त्यांना खरंच कठीण जात होतं.

ह्या वेळी साखर चढली. इन्सुलिन दिलं, टोचलं, आणि वेळ झाल्यावर काकांना यंत्रावर घेतलं. चित्र उमटू लागलं. मागची भिंत आली, लख्ख. खालची आली. मग पुढची भिंत आली. सगळी नाही. अगदी टोकाशी काळंच होतं, तिथे रक्तही नव्हतं आणि साखरही नव्हती. पण त्याच्या वरची जवळजवळ सगळी पुढची भिंत, जिथे रक्ताच्या चित्रात फिकट सावली होती, ती साखर खात होती. मागच्या भिंतीइतकीच.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगितली आणि काका-काकूंना आत बोलावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग."

"सर, मी?"

"मी सांगितलं तर ह्यांना मराठीतही इंग्रजी ऐकू येईल. तू सोपं सांगशील. चुकलीस तर मी आहे."

'हायबरनेटिंग' ह्या ज्या शब्दावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं त्याला मराठी शब्द मला आठवेना. मी पडद्यावर बोट ठेवलं. "काका, हा पुढचा भाग. इथे रक्त फार थोडं येतं, म्हणून तो काम करत नाही. पण साखर दिली तर खातो. मेलेला खात नाही. हा उपाशी आहे, मेलेला नाही. हे टोक मात्र गेलेलं आहे. ते परत येणार नाही."

सर काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होतं. काका पडद्याकडे बघत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"उपाशी?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मी ठेवला का? इतकी वर्षं ह्यांची साखर तोडली, म्हणून?"

मला एकदम कळलं की त्या दिवशी पेल्यावरून विचारलेल्या प्रश्नापेक्षा हा फार मोठा प्रश्न होता.

"नाही, काकू," मी म्हणाले. "ह्यांच्या रक्तात साखर कधी कमी नव्हतीच, उलट जास्तच होती. अडचण रस्त्याची आहे. रक्त नेणारी नळी आतून अरुंद झालीय. तुम्ही खीर दिली असतीत तरी ती इथपर्यंत आली नसती. रक्तातच राहिली असती, आणि रस्ता आणखी लवकर बंद झाला असता."

काकूंनी हे दोनदा मनात घोळवलं असावं. मग त्या काकांकडे वळल्या.

"ऐकलंत? खीर दिली असती तरी पोचली नसती. उगाच वीस वर्षं भांडलात."

सर मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ऑपरेशन झालं. सोपं गेलं नाही असं वरून कळलं. काका बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते, आणि त्या काळात मी लिफ्टमधून जाताना त्या मजल्याचं बटण दाबलं जातंय का हे उगाच बघायचे. आमच्या कामात ही एक उणीव आहे. आम्ही माणसाच्या हृदयाचं आतलं सगळं बघतो, पण पुढे त्या माणसाचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगत नाही. बरी झालेली माणसं वरच्या मजल्यांवरूनच घरी जातात. तळघरात परत यायचं त्यांना कारण उरत नाही.

काका मात्र आले. वर एकोची तपासणी होती. भिंत हलतीये, पूर्वीसारखी नाही पण हलतीये, असं एकोवाल्यांनी सांगितलं होतं, आणि ते मला दाखवायचं म्हणून दोघं खाली उतरले होते. मी कागद पाहिला. टोक मेलेलंच होतं, आम्ही म्हटलं होतं तसंच. बाकीची भिंत कामावर परतली होती.

निघताना मी त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि काका जिन्याकडे वळले.

"अहो, लिफ्ट आलीये!" काकू म्हणाल्या.

"तू ये लिफ्टने," काका पहिल्या वळणावरून म्हणाले. आवाजात धाप नव्हती.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढी तपासण्यांची यंत्रं आहेत तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, "ह्या माणसाला थांबवायचं एखादं आहे का?" आणि पिशवी सावरून त्याही त्यांच्यामागे जिना चढू लागल्या.